सार्जंटच्या हातातली कवडी

चर्चमधल्या घंटा-मेणबत्त्या सांभाळणाऱ्या सक्रिस्तान पिदिओला दाढी येत नसे. हनुवटीवर तीन केस आणि वरच्या ओठावर दोन, एवढीच त्याची जन्माची मिळकत. तरी दोन वर्षं तो रोज सकाळची मिस्सा आटोपली की तानिस न्हाव्याच्या खुर्चीत येऊन मान मागे टाकी, आणि तानिस त्याच्या गुळगुळीत गालांना राख आणि खोबरेलाचा घरगुती साबण फासून वस्तरा फिरवी. वस्तरा कानाजवळ आला की पिदिओ ओठ न हलवता एखादं नाव सांगे.

"सायपान."

किंवा, "बियाक. अजून चाललंय."

तानिस मान डोलावी, वस्तरा पुसे आणि दाराजवळच्या बाकावर ठेवलेल्या दामाच्या पाटाकडे वळून एक कवडी एक घर पुढे सरकवी. झालं. सान इसिद्रो गावाचं वर्तमानपत्र त्या दिवसापुरतं निघालं.

सान इसिद्रो हे मनीलाच्या खाली, सेबूशेजारच्या बोहोल बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं गाव. शाळेत अकरा जपानी शिपाई आणि एक सार्जंट राहत होते. रेडिओ सापडला तर मान जाई, आणि हा नुसता बोलण्यापुरता धाक नव्हता, शेजारच्या गावात तसं झालं होतं. पिदिओचा रेडिओ चर्चच्या घंटाघरात कबुतरांच्या घाणीने माखलेल्या एका खोक्यात होता. पहाटे घंटा वाजवायला वर गेलेला पिदिओ दहा मिनिटं ऐकून खाली उतरे. कागदावर काही लिहायचं नाही, तोंडाने काही बोलायचं नाही, हा नियम तानिसचा. म्हणून दामाचा पाट.

दामा सगळ्यांनाच येई. बत्तीस घरं, एका बाजूला बारा काळे खडे, दुसऱ्या बाजूला बारा पांढऱ्या कवड्या. सोंगट्या तिरक्या चालतात, समोरच्याच्या डोक्यावरून उडी मारली की तो मेला. तानिसने आणि पिदिओने शाळेतल्या जुन्या पृथ्वीच्या गोलावरून बत्तीस घरांना नावं वाटून दिली होती. उजवीकडे वर हवाई, मध्ये सायपान, ग्वाम आणि पालाउ, खाली न्यू गिनी, डावीकडे आपली बेटं: दावाओ, लेयते, सेबू, मनीला. कवड्या अमेरिकन, खडे जपानी. टोकियोला एक घर, मनीलाला एक घर, आणि डाव्या कोपऱ्यातलं एक अख्खं घर सान इसिद्रोला. त्यावर अर्थातच एक काळा खडा होता. जगाच्या नकाशात आपल्याला टोकियोएवढी जागा मिळाली आहे याबद्दल गावात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

माणसं केस कापायला येत, जाता जाता पाटावर नजर टाकत आणि घरी जाऊन बायकोला सांगत. कोणी परका आला तर तानिस म्हणे, "खेळ अर्धा राहिलाय." तो खेळ दोन वर्षं अर्धाच होता. ज्यांना खरोखर दामा खेळायचा असे त्यांना बिचाऱ्यांना दीड मैल चालत पुढच्या गावी जावं लागे.

सरकारी बातमीपत्रही येई, दर आठवड्याला सेबूहून. त्यात दर आठवड्याला विजय असे. गाव विजयाकडे बघत नसे, विजय कुठे झाला ते बघे. आधी तो फार दूर होत होता. आता तो बराच जवळ येऊन होऊ लागला होता.

एकोणीसशे चव्वेचाळीसच्या नऊ ऑगस्टला, बुधवारी सकाळी, पिदिओने गालावर वस्तरा असताना सांगितलं, "ग्वाम. संपत आलं." तानिस कवडी सरकवून वळतो तो दारात सार्जंट कुरामोची उभा.

हा सार्जंट बर्फाच्या मुलुखातला, चटया विणणाऱ्यांच्या घरातला. गावची भाषा तो मासळीबाजारात शिकला होता, त्यामुळे त्याच्या बोलण्याला कोळणींची धार होती. सामान्यतः तो शनिवारी दाढीला येई. आज बुधवार होता. तो पाटाकडे बघत होता.

"कोण खेळतं?"

"आम्हीच, सार्जंटसाहेब. मी आणि पिदिओ. वेळ जायला."

"पांढरे कोणाचे?"

"याचे," पिदिओ म्हणाला.

"त्याचे," तानिस त्याच क्षणी म्हणाला.

सार्जंटने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग तो बाकावर मांडी घालून बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पाटावर वाकला. पिदिओच्या अर्ध्या गालावरचा साबण वाळत चालला.

"पांढरे जिंकतायत," सार्जंट शेवटी म्हणाला.

तानिसने पुसलेलाच वस्तरा पुन्हा पुसायला घेतला.

"मी पांढरे घेतो. तू बस. घ्यायचं तर घे, नाहीतर पुढं हो!"

हे शेवटचं वाक्य कोळणी गिऱ्हाईकाला म्हणतात. सार्जंट ते कुठेही वापरी. तानिस समोर बसला.

आयुष्यात त्याच्यावर असा प्रसंग आला नव्हता. काळे खडे त्याच्याकडे आले होते, म्हणजे जपानी सैन्य त्याच्या हाती आलं होतं. तो जिंकला तर पाटावर जपान जिंकणार आणि संध्याकाळपर्यंत गाव सुतकात बसणार. हरला तर सार्जंट जिंकणार, म्हणजे अमेरिका जिंकणार, आणि गाव काय करील ते सांगता येत नव्हतं. खेळायला नकार दिला तर सार्जंट विचारणार, का. हा 'का' तेवढा नको होता. त्या एका प्रश्नाच्या उत्तरात दोन माणसांच्या माना होत्या. सान इसिद्रोचा खडा त्याला जागेवरून हलवायचाच नव्हता, पण चौथ्या चालीला दुसरी चालच उरली नाही. त्याने तो पुढे केला आणि घर रिकामं झालं.

सार्जंटने दोन खडे मारले आणि आपल्या गुडघ्याजवळ ठेवले. मग पुढची चाल करायच्या ऐवजी त्याने मारलेल्या खड्याच्या बदली तानिसच्या डब्यातून एक जादा कवडी उचलली आणि थेट दावाओवर टेकवली.

"साहेब, हे काय?"

"हातातला मोहरा. मी पकडला. आता माझा."

"पण साहेब, मेलेला परत येत नाही."

"तुमच्या खेळात. आमच्या खेळात कोणी मरत नाही. पकडला की तो आपल्या बाजूने लढतो. पाहिजे तिथे ठेवायचा. वरून." आणि त्याने हात उंच नेऊन दुसरी कवडी लेयतेवर सोडली. टक्.

"मग तो फितूरच झाला की," पिदिओ खुर्चीतून पुटपुटला.

"आमच्याकडे प्रत्येकाला काम असतं," सार्जंट म्हणाला.

आपल्या भाताच्या ताटात कोणी वाळू टाकत असावं तसा तानिस बघत राहिला. सार्जंट खडे मारी आणि कवड्या वरून सोडी. मनीलावर एक. सेबूवर एक. शेवटी त्याने थोडा विचार केला, पाटाचा डावा कोपरा निरखला आणि अगदी हलक्या हाताने एक कवडी सान इसिद्रोच्या रिकाम्या घरात ठेवली.

तेवढ्यात सेबूची बोट लागल्याचा निरोप आला. सार्जंट उठला. नुकताच मारलेला खडा त्याने डब्यातल्या एका कवडीशी बदलून घेतला, टवका उडालेल्या पिवळसर कवडीशी, आणि ती खिशात टाकली. "हातातली आहे. उद्या ठेवतो. पाटाला कोणी हात लावायचा नाही." आमच्या गावी अर्धवट खेळाला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या देवाला हात लावणं, असं काहीसं तो म्हणाला, आणि जाताना एक शिपाई तिथे उभा करून गेला. चाळिशीचा, जाड चष्म्याचा, बंदुकीला संगीन लावलेला.

अशा रीतीने सान इसिद्रोच्या वर्तमानपत्राचा तद्दन खोटा अंक जपानी सैन्याच्या पहाऱ्यात बाकावर मांडून राहिला.

पहिला आला मोदेस्तो, माडावर चढून तुबा, म्हणजे माडी, काढणारा. त्याने सवयीने पाटाकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. मग माडावरून पाय निसटावा तशी त्याने दाराची चौकट धरली.

"नोंग तानिस," थोरल्या भावाला हाक मारावी तसं तो म्हणाला, "हे..."

"खेळ आहे," तानिस म्हणाला. चष्मेवाल्याला गावची भाषा किती कळते ते तानिसला ठाऊक नव्हतं. "नुसता खेळ. आज खरंच नुसता खेळ आहे, मोदेस्तो."

मोदेस्तोने संगिनीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "कळलं," तो म्हणाला. "पहारा बसवलाय म्हणजे कळलंच."

"अरे, काय कळलं तुला, गाढवा?"

"काही नाही. काहीच नाही कळलं." आणि तो केस न कापता पळाला.

दुपारपर्यंत तेवीस माणसं आली. कितीतरी जणांचे केस आठवड्यापूर्वीच कापून झाले होते. तानिसने डोळे मोठे करून पाहिलं, मान हलवली, एकाचा कान हळूच पिरगाळलासुद्धा. जितकं तो नाही म्हणे तितकी माणसं खूश होऊन जात.

मग नांग बासिल्या आली. साठीची, आडव्या बांध्याची. सगळ्या गावाची ती थोरली बहीण, म्हणून नांग. बायका न्हाव्याकडे येत नसत. ती कात्रीला धार लावायला आली होती. जपान्यांनी गावातली झाडून सगळी डुकरं नेली तेव्हा बासिल्याने एक पिल्लू खाजणातल्या झुडपांत लपवलं होतं. त्याचं नाव कापितान. अमेरिकन ज्या दिवशी आपल्या बेटांवर पाय ठेवतील त्या दिवशी कापितानला सळईवर चढवीन, असा तिने चर्चमध्ये नवस बोललेला. कापितान आता दोन माणसांना उचलत नव्हता.

तिने पाट पाहिला. दावाओ पाहिलं, मनीला पाहिलं. डाव्या कोपऱ्यापाशी तिचे ओठ थरथरले.

"तानिस," ती म्हणाली, "इथे?"

"नांग, ही कात्री आज बोथट आहे. उद्या ये. आजच्या कात्रीवर भरवसा ठेवू नकोस."

"कधीपासून?"

"नांग, ऐक. सार्जंटसाहेब आले होते. ते स्वतः खेळले. कळलं का? त्यांनी ठेवलं हे. सगळं त्यांनी."

बासिल्याने चष्मेवाल्या शिपायाकडे करुणेने पाहिलं. "बिचारे," ती म्हणाली. "त्यांनी स्वतःच कबूल केलं म्हण की." आणि कात्री तिथेच टाकून ती गेली.

संध्याकाळी पाचला तानिस घंटाघराच्या पायऱ्यांवर पिदिओला भेटला. पिदिओचा तोल किंचित जात होता.

"माणसं अमेरिकन शोधतायत," पिदिओ म्हणाला. "किनाऱ्यावर, माडांत, खाजणात. मला विचारलं, कुठे उतरलेत? मी म्हटलं, कुठेच नाही. तर म्हणाले, शाबास सक्रिस्तान, असंच म्हणत राहा."

"कोणाला तरी एकाला पटवून सांग!"

"मोदेस्तोला सांगायला गेलो. तो म्हणाला, मी तुब्याचा घडा खाजणात ठेवला होता त्यांच्यासाठी, तासाभरात रिकामा झाला. मग तू कशाला खोटं बोलतोस?"

"घडा कोणी रिकामा केला?"

पिदिओने घंटेकडे पाहिलं. "भीतीने घशाला कोरड पडली होती रे," तो म्हणाला.

"पिदिओ!"

"आता जाऊन सांगू का, की मी प्यायलो?"

"नको. तू अमेरिकन नाहीस हे सिद्ध करायला आणखी एक दिवस जाईल."

दोघं तिथेच बसून राहिले. कोणी आनंदाने एक फटाका उडवला, एकाने शिपायांसमोर दात काढले, की सार्जंट विचारणार, आज काय आहे? आणि माग काढत काढत तो बाकावरच्या पाटापाशी येणार. रेडिओ आजच्या आज खाडीत फेकावा असं पिदिओ म्हणाला. तानिस म्हणाला, खोकं डोक्यावर घेऊन निघालास तर सगळं गाव अमेरिकन सामान म्हणून उचलू लागायला येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानिसने दुकान उघडलं आणि त्याला वास आला.

त्या वासाला सान इसिद्रोत दोन वर्षांत कोणी भेटलं नव्हतं. चिंचेची पानं आणि गवती चहा पोटात भरून निखाऱ्यावर फिरणारं डुक्कर. वास नांग बासिल्याच्या परसातून निघाला होता, बाजार ओलांडून चर्चवरून शाळेकडे चालला होता आणि त्याला अडवणं कोणाच्या हातात नव्हतं. पिदिओ खुर्चीत येऊन पडला. आज तो खरोखरच दाढीसाठी आल्यासारखा घामाने भिजला होता.

दहा मिनिटांत सार्जंट कुरामोची दारात. मागे दोन शिपाई. तिघांच्याही नाकपुड्या हलत होत्या.

"वास," सार्जंट म्हणाला.

"हो साहेब," तानिस म्हणाला.

"डुक्कर."

"तसंच वाटतं, साहेब."

"गावात डुक्कर नाही. मी स्वतः मोजली होती. आज काय आहे? लोक हसतायत. काल पण हसत होते. का?"

तो 'का' आला. तानिसच्या हातातला वस्तरा पिदिओच्या गळ्यावर होता. आपल्या डोक्यात काही नाही हे तानिसला स्पष्ट दिसत होतं. पण पिदिओ तीस वर्षं चर्चमध्ये रोज कोणत्या संताला कोणती मेणबत्ती लावायची ते बघत आला होता. त्याने डोळे मिटले आणि म्हणाला,

"आज दहा ऑगस्ट, साहेब. सान लोरेन्सोचा सण."

"तुमचा संत इसिद्रो. मे महिन्यात."

"ते मेमधले. हे ऑगस्टमधले."

"गेल्या वर्षी हा सण नव्हता."

"गेल्या वर्षी डुक्कर नव्हतं, साहेब."

सार्जंटने यावर विचार केला. "संताचा आणि डुकराचा काय संबंध?"

"सान लोरेन्सोला राजाने जाळीवर जिवंत भाजलं," पिदिओ म्हणाला, आणि हे त्याने बनवलेलं नव्हतं. "एक बाजू भाजून झाल्यावर संत म्हणाले, आता दुसरी बाजू भाजा. स्वयंपाक करणाऱ्यांचे संत आहेत ते."

सार्जंटने पुन्हा एकदा वास घेतला. "माणसाला भाजलं, म्हणून तुम्ही त्या दिवशी डुक्कर भाजता."

"हो."

"आणि हसता."

"भाजून घेताना संतसुद्धा हसले होते, साहेब."

"तुमचा धर्म," सार्जंट म्हणाला, "मला कधी कळणार नाही." त्याने पट्टा सैल केला आणि तो बाकावर बसला. "आधी खेळ पुरा करू. मग सण."

पिदिओ घंटा वाजवायला पळाला; सण आहे म्हटल्यावर घंटा हवी. घंटा वाजताच उरलंसुरलं गावही समजायचं ते समजलं. बासिल्याने अख्खा कापितान बांबूच्या सळईसकट न्हाव्याच्या दारात आणवला. माणसं खिडक्यांतून, दारातून, माडाच्या बुंध्यावर चढून पाटाकडे बघू लागली. सार्जंटने त्या गर्दीवर नजर फिरवली आणि ताठ बसला.

खेळ वीस मिनिटं चालला. तानिसचे खडे एकेक करून गेले. प्रत्येक खडा गेला की गर्दीतून उसासा येई. खिशातली पिवळी कवडी ठेवायची सार्जंटला गरजच पडली नाही. शेवटचा खडा टोकियोत उरला होता. कवडीने त्याच्यावरून उडी मारली, आणि सार्जंट उठून उभा राहिला. दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याने जाहीर केलं:

"पांढरे जिंकले!"

असा जल्लोष सान इसिद्रोत पूर्वी झाला नव्हता. टोप्या उडाल्या. मोदेस्तोने सार्जंटला मिठी मारली. बासिल्याने त्याचे दोन्ही गाल धरून मुका घेतला आणि कापितानचा कुरकुरीत कान त्याच्या हातात दिला. जाड चष्मेवाला शिपाईही टाळ्या वाजवू लागला. सार्जंटचे डोळे चक्क पाणावले. "सव्वादोन वर्षं," तो तानिसला म्हणाला, "मी या गावात आहे. लोकांनी माझं जिंकणं मनापासून कधी साजरं केलं नव्हतं."

"आमचं गाव जरा लाजरं आहे, साहेब," तानिस म्हणाला.

सार्जंट तीन वेळा वाढून घेऊन गेला. गाव नाचलं. दोन माना जागच्या जागी राहिल्या. आता फक्त बासिल्याला खरं सांगायचं उरलं होतं, आणि त्यासाठी तानिस दुपारी तिच्या स्वयंपाकघरात गेला.

"म्हणजे मनीलाला कोणी नाही?" बासिल्या म्हणाली.

"नाही, नांग."

"लेयतेला?"

"नाही."

"आणि इथे?"

"इथे असते तर दिसले असते की, नांग."

"मी त्यांच्यासाठी मांडीचं मांस झाकून ठेवलंय," बासिल्या म्हणाली. मग तिने झाकण काढलं आणि भांड्यात बघत राहिली. "त्या मेल्याने आपल्या हाताने कवड्या ठेवल्या, आणि मी त्याचा मुका घेतला?"

"गावाला वाचवलंस तू."

"मी डुक्कर मारलं, तानिस. सव्वादोन वर्षं पोराला लपवावं तसं लपवलेलं डुक्कर मी सार्जंटला खाऊ घातलं. तुझ्या त्या पाटावर आता माशीसुद्धा बसणार नाही बघ."

आणि तसंच झालं. खरी बातमी संध्याकाळपर्यंत घरोघर पोचली, आणि त्यानंतर गावाने पाटाकडे बघणं सोडलं. लोक केस कापायला येत आणि मुद्दाम भिंतीकडे तोंड करून बसत. सप्टेंबरात पालाउकडे कवडी सरकली तेव्हा मोदेस्तोने विचारलं, "कोणाची चाल होती? तुझी की सार्जंटची?" त्याच महिन्यात एका सकाळी शेकडो विमानं सेबूकडे गेली आणि आभाळ दणाणलं. गाव खूश झालं, पण बासिल्या म्हणाली, विमानं पक्ष्यांसारखी येतात आणि जातात, पाय जमिनीला लागल्याशिवाय मी टोपलीभर मकासुद्धा शिजवणार नाही. तानिस रोज पाट मांडत राहिला, काळे खडे पुन्हा आपापल्या घरी बसवून. पिदिओ रोज दाढी करून घेत राहिला. वाचक नसलेलं वर्तमानपत्र दोघांनी अडीच महिने एकही दिवस न चुकवता काढलं.

ऑक्टोबरच्या एकवीस तारखेला पिदिओ खुर्चीत बसला आणि वस्तरा येण्याची वाटही न बघता म्हणाला, "लेयते."

तानिसचा हात थांबला. "पुन्हा सांग."

"लेयते. काल सकाळी. पाय लावलेत, तानिस. वाळूत. खरे पाय." पिदिओ रडत होता, साबण त्याच्या तोंडात जात होता.

तानिसने कवडी उचलली आणि लेयतेच्या घरात ठेवली. लेयते म्हणजे शेजारचंच बेट. उभ्या आयुष्यात त्याने इतकी जड कवडी उचलली नव्हती.

पहिल्या आलेल्या माणसाने पाहिलं आणि तो हसला. दुसऱ्याने तिसऱ्याला बोलावलं. दहा वाजेपर्यंत दुकानात वीसएक माणसं होती आणि सगळी हसत होती. "आज कोणाचं डुक्कर?" मोदेस्तो म्हणाला. "नोंग तानिस, कोंबडी चालेल का? माझी मेहुणी एक लपवून बसलीये."

"खरं आहे," तानिस हळू म्हणाला. "आईची शपथ."

"ऑगस्टात कोणाची होती?"

"ऑगस्टात मी कधी म्हटलं? मी नाहीच म्हणत होतो! तुम्ही ऐकलं का?"

"नाही म्हणालास तेव्हा ऐकलं नाही," बासिल्या दारातून आत येत म्हणाली, "म्हणून फसलो. आता हो म्हणतोयस तेव्हा ऐकणार नाही. म्हणजे हिशेब पुरा." तिने लेयतेवरची कवडी दोन बोटांत उचलली आणि डब्यात टाकली. "आधी माझा कापितान परत आण, मग अमेरिकन आण."

आणि तेवढ्यात दारातली माणसं बाजूला झाली, कारण सार्जंट कुरामोची आला होता. शनिवार होता, त्याच्या दाढीचा दिवस.

तो खुर्चीत बसला. तानिसने साबण लावला, वस्तरा फिरवला. कोणी बाहेर गेलं नाही आणि कोणी हसलंही नाही. सार्जंटचे गाल खोल गेले होते. दाढी झाल्यावर त्याने नेहमीसारखा आरसा मागितला नाही. तो उठून बाकाकडे गेला, पाटासमोर मांडी घालून बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बघत राहिला.

मग त्याने खिशात हात घातला. टवका उडालेली पिवळसर कवडी बाहेर काढली.

"ही माझ्या हातात राहिली होती," तो म्हणाला.

त्याने ती उंच नेली नाही. वाकून, आवाज न करता, लेयतेच्या घरात ठेवली. नेमक्या त्याच घरात. तानिसने पिदिओकडे पाहिलं. पिदिओ भिंतीला टेकला होता.

"उद्या आम्ही तिकडे," सार्जंट म्हणाला. "सगळे. बोट येते."

सार्जंटने पाटाचा डावा कोपरा निरखला. तिथे सान इसिद्रोच्या घरात काळा खडा होता. त्याने तो उचलला, अंगठ्याने पुसला आणि कवडी होती त्या खिशात टाकला.

"साहेब," तानिसला राहवलं नाही, "तुम्हाला कधीपासून..."

"दर शनिवारी," सार्जंट म्हणाला. "सेबूचं बातमीपत्र मी पण वाचतो. सगळे विजय. माणसाला कधीतरी खरं वाचावंसं वाटतं." तो दारापर्यंत गेला आणि बासिल्यासमोर थांबला. "सान लोरेन्सो चांगला संत आहे," तो म्हणाला, आणि वाकून नमस्कार करून गेला.

ऑगस्टात त्या कोपऱ्यात कवडी ठेवताना तो जो विचार करत थांबला होता, तो कसला असेल, हे तानिस पुढे अनेक वर्षं गिऱ्हाइकांना विचारत असे. तेव्हा मात्र त्याला तेवढी उसंत मिळाली नाही, कारण सगळं दुकान पाटाभोवती गोळा झालं होतं. लेयतेत पिवळी कवडी होती. डाव्या कोपऱ्यातलं घर रिकामं होतं.

"आलेत," मोदेस्तो म्हणाला. "नांग, खरंच आलेत."

"सकाळी मी हेच सांगत होतो!" तानिस ओरडला. "हीच जागा! हीच कवडी!"

"तू न्हावी आहेस," बासिल्या डोळे पुसत म्हणाली. "त्याला जायचंय तिथे." आणि झगा वर खोचून, मोदेस्तोची मेहुणी कोणत्या बाजूला राहते ते विचारत, ती बाहेर पडली.